ग्रिफिथ एसई आणि आत शेवरलेचं इंजिन: घ्यावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रेडिंगला असता, तुम्हाला २००१ ची टीव्हीआर ग्रिफिथ ५०० एसई विकायला दिसलीये (टीव्हीआर ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनी, एसई म्हणजे स्पेशल एडिशन), मूळचं रोव्हर व्ही-८ काढून त्यात शेवरलेचं एलएस-३ हे मोठं व्ही-८ बसवलंय, गिअरबॉक्स सहा स्पीडचा, ब्रेक आणि सस्पेन्शनही बदललेलं. जाहिरातीत लिहिलंय "दुर्मिळ ब्रिटिश सुपरकार, १०० पैकी एक, ५०० हॉर्सपॉवर, अशी दुसरी नाही" आणि मालक ४८ हजार पाउंड मागतोय. तुम्हाला विचारायचंय की किंमत रास्त आहे का, पैसे अडकून पडतील का, आणि काही वर्षांनी पुण्याला परत जाताना गाडी सोबत नेता येईल का.

मी इथे मिडलँड्समध्ये बरीच वर्षं याच जातीच्या गाड्यांच्या खाली आडवा पडलेला माणूस आहे. लोकांनी विकत घेण्याआधी गाडी तपासून देणं हाही आमच्या धंद्याचा भाग. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका असं ठोक सांगणार नाही, पण कुठे बघायचं आणि का, ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा खरा प्रश्न किंमतीचा नाहीये. ही जाहिरात एकाच गाडीचे दोनदा पैसे मागतेय, एकदा दुर्मिळ म्हणून आणि एकदा मॉडिफाइड म्हणून. आणि ही दोन गिऱ्हाईकं पूर्ण वेगळी असतात हो. ज्याला एसई हवी असते त्याला ब्लॅकपूलच्या कारखान्यातून निघाली तशी हवी असते, तेच इंजिन, तीच सीट, तोच रंग, आणि असा माणूस एलएस इंजिन दिसलं की फोन ठेवून देतो. ज्याला एलएस इंजिनवाली ग्रिफिथ हवी असते त्याला ती एसई आहे की साधी ५०० याने काडीचा फरक पडत नाही, उलट साध्या ५०० वर हेच काम केलेलं असेल तर तो तीच घेईल कारण ती स्वस्त पडेल. आजीची पैठणी कापून कोणी झकास ड्रेस शिवला तर शिलाईचे पैसे द्यावेत, ड्रेस आवडला तर चार पैसे जास्त द्यावेत, पण पैठणीची किंमत वर परत मागितली तर कोण देईल?

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग हे सगळं गाडीसोबत मिळत असेल, म्हणजे खरोखर पॅलेटवर ठेवलेलं तुम्हाला दाखवत असतील आणि इंजिन नंबर जुन्या कागदांशी जुळत असेल, आणि चासी न कापता काम केलेलं असेल, तर ती गाडी परत मूळ रूपात आणता येते. मग एसईपणाचे थोडे पैसे द्यायला हरकत नाही. "इंजिन होतं कुठेतरी, मित्राच्या गॅरेजमध्ये असेल" हे उत्तर मिळालं तर ते इंजिन नाही असंच धरून चाला.

आता ती एसई आहे का हे कसं ओळखायचं. २००० मध्ये टीव्हीआरने ग्रिफिथ बंद करायचं ठरवलं तेव्हा निरोपाच्या म्हणून १०० गाड्या काढल्या, त्या २००० ते २००२ मध्ये बनल्या. आत डॅशबोर्ड टीव्हीआरच्याच शिमेराचा, सीट त्यांच्याच सेर्बेराच्या, बाहेर मागचे दिवे वेगळे, आरसे वेगळे, पुढचे इंडिकेटर पांढऱ्या काचेचे. पण हे सगळं नंतरही कोणी लावू शकतं, म्हणून ग्लोव्हबॉक्स उघडा, आत नंबर घातलेली पट्टी हवी, डिकीवर स्पेशल एडिशनचा बॅज हवा, आणि डिकीतलं कार्पेट उचलून बघा, खाली सही असते. पाच मिनिटांचं काम आहे आणि लोक तेवढंही करत नाहीत, आपले आवाज ऐकत बसतात एक्झॉस्टचा. शंका आलीच तर चासी नंबर घेऊन टीव्हीआर कार क्लबच्या लोकांना विचारा, त्यांच्यात या १०० गाड्यांची कुंडली पाठ असलेले लोक भेटतात.

सुपरकार म्हणावं का, हा वाद मी घालणार नाही. ग्रिफिथचं वजन कंपनी सांगायची साधारण १०६० किलो, एलएस-३ थोडं जड पडतं तरी ११०० च्या आसपास धरा, आणि स्टॉक एलएस-३ कॉर्व्हेटमध्ये ४३० हॉर्सपॉवर द्यायचं. म्हणजे वजनाच्या मानाने ताकद बघितली तर ती फेरारी एफ-४० च्या पंगतीत जाऊन बसते. फक्त लक्षात ठेवा की या गाडीत एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही. ब्रिटिश पावसात, गोल चक्करमधून बाहेर पडताना, दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जास्त पडला की मागचं टोक पुढे यायला बघतं, आणि तिथे वाचवायला तुमच्या हातापायांशिवाय दुसरं काही नसतं.

अमेरिकन इंजिन टाकलं म्हणजे पाप केलं असं म्हणणारे खूप भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. पहिली ग्रिफिथ जन्मालाच आली ती इंजिन बदलून, साठच्या दशकात जॅक ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन डीलरने टीव्हीआरच्या छोट्या गाडीत फोर्डचं ४.७ लिटर व्ही-८ कोंबलं म्हणून ते नाव पडलं. आणि ज्याला लोक अस्सल ब्रिटिश रोव्हर व्ही-८ म्हणतात ते मुळात ब्युइकचं अॅल्युमिनियम इंजिन, जनरल मोटर्सने हक्क विकले आणि रोव्हरने घेतले. एलएस-३ पण जनरल मोटर्सचंच, म्हणजे घराणं एकच. शिवाय खरं सांगायचं तर टीव्हीआर ५ लिटरसाठी ३४० हॉर्सपॉवर छापायची, रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र) चढवल्यावर बऱ्याच गाड्या त्याच्या बऱ्याच खाली निघतात. तेव्हा इंजिन बदलणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, बदल कसा केलाय ते बघतो.

पण इंजिनच्या आधी चासी. हे मी मुद्दाम लांबण लावून लिहितोय कारण ग्रिफिथमध्ये पैसे जातात ते इथे. बॉडी फायबरची, ती कधी गंजत नाही, म्हणून गाडी वरून नवरीसारखी दिसते. खाली स्टीलच्या गोल नळ्यांची चासी आहे आणि दोन्ही बाजूंना दाराखाली बाहेर आलेल्या नळ्या आहेत, त्यांना आउटरिगर म्हणतात. त्यांच्यावर पावडर कोटिंग असतं. पुढच्या चाकांनी उडवलेले खडे त्यावर बसतात, कोटिंगला बारीक चीर जाते, पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं, आणि मग गंज कोटिंगच्या आतून पसरतो. वरून काळं गुळगुळीत दिसतं आणि आत नळी कागद झालेली असते. सीटबेल्टचा खालचा आधार त्याच भागात आहे, म्हणजे हा दिसण्याचा विषय नाही, एमओटीला (इथली गाड्यांची वार्षिक सक्तीची तपासणी) नापास होण्याचा आणि त्याहून वाईट गोष्टींचा विषय आहे.

बघायचं कसं, तर गाडी रॅम्पवरच चढवायला लावा, जॅकवर चालणार नाही. टॉर्च नळीच्या बाजूने तिरका मारा, समोरून मारलात तर काही दिसत नाही, तिरक्या उजेडात कोटिंगवरचे फुगवटे सावली टाकतात. फुगवटा दिसला की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, चांगली नळी टणटणते, गंजलेली भद्द वाजते. ताजा काळा जाड थर फासलेला दिसला, विशेषतः फक्त दोन्ही कडांना, तर मालकाला सरळ विचारा की याच्या खाली काय होतं आणि फोटो कुठेत. वरच्या नळ्या तर बॉडी न उचलता धड दिसतच नाहीत, तिथे आम्ही छोटा कॅमेरा घालून बघतो.

इथे तुमच्या गाडीला एक फायदा असू शकतो. एवढं मोठं काम करताना शहाणा माणूस बॉडी पूर्ण उचलतो आणि चासी तेव्हाच सँडब्लास्ट करून नवीन कोटिंग करून घेतो. तसं केलं असेल तर फोटोंचा ढीग असणार, तारखांसकट, आणि बिलावर "बॉडी काढून" असं स्पष्ट असणार. नुसतं "आउटरिगर बदलले" असेल तर ते बॉडी जरा वर उचलून जागेवरच वेल्ड केलेलं काम असतं, ते वाईट नसतं पण अर्धंच असतं. आणि चासीला हात न लावता थेट ४३० हॉर्सपॉवर टाकलं असेल तर, कसं सांगू, त्या माणसाने बाकी काय काय सोडून दिलं असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आता इंजिन. पहिला प्रश्न, एलएस-३ आलं कुठून? नवीन क्रेट इंजिन (कारखान्यातून खोक्यात बंद आलेलं) घेतलं असेल तर बिल असेल. इथे बरीचशी इंजिनं ठोकलेल्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सआर-८ मधून येतात, त्यात गैर काही नाही, पण मग ती गाडी किती मैल पळाली होती ते कळायला हवं. जाहिरातीत "३० हजार मैल" असतं ते गाडीचं की इंजिनचं? गिअरबॉक्स बदलला की स्पीडोमीटरचा सेन्सर बदलतो, मधला काळ मीटर बंद असू शकतो. "५०० हॉर्सपॉवर" वर पण विश्वास ठेवू नका जोपर्यंत रोलिंग रोडचा कागद हातात येत नाही. स्टॉक इंजिन ४३० चं आहे, ५०० ला न्यायला कॅमशाफ्ट वगैरे बदलावं लागतं, मग त्याचं बिल आणि मॅपिंग (ईसीयूची नव्याने जुळणी) कोणी केलं तेही असणारच ना.

मूळचा पाच स्पीडचा टी-५ गिअरबॉक्स या टॉर्कला पुरत नाही, तुमच्या गाडीत सहा स्पीडचा आहे ते चांगलंच, पण तो आकाराने मोठा, त्यामुळे मधला बोगदा कापून मोठा केलेला असतो. पायाजवळ जागा उरली का बघा, क्लच दाबताना बूट कुठे घासतोय का बघा. प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा) नवीन बनवलेला असणार, त्याचा कोन चुकला असेल तर ५०-६० मैलांच्या वेगाला पाय सोडल्यावर सीटखाली थरथर येते, त्याला मालक "टायर बॅलन्सिंग राहिलंय" म्हणतात. मागचा डिफरेन्शिअल कुठला, मूळचाच असेल तर त्याचं आयुष्य तुमच्या उजव्या पायावर अवलंबून. आणि स्टिअरिंग उजवीकडे असल्याने उजव्या बाजूचा एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटून जातो, तिथे मधे बोटभर तरी जागा आणि उष्णतेचं आवरण हवंच.

सगळ्यात जास्त मी बघतो ते वायरिंग, कारण इंजिन बसवणारे शंभर, वायरिंग करणारे दहा. ग्रिफिथचा मूळ ईसीयू पॅसेंजरच्या पायाजवळ असतो, आणि या गाड्या गळतात, छपराचा मधला तुकडा काढून डिकीत ठेवायचा आणि मागचं कापडी खाली पाडायचं अशी रचना, त्यामुळे काच-दार-छप्पर जिथे मिळतात तिथून पाणी आत येतं. तिथलं कार्पेट उचला, खालचा फोम दाबा, ओला लागला तर पुढचं जपून बघा. मग तारांकडे बघा. चांगल्या कामात जोड क्रिम्प केलेले, वर उष्णतेने आवळलेली नळी, टोकांना नावं, आणि फाइलमध्ये हाताने काढलेली का होईना पण आकृती. वाईट कामात काळी चिकटपट्टी, पीळ देऊन जोडलेल्या दोन रंगांच्या तारा, आणि जुन्या हार्नेसची कापून तशीच सोडलेली टोकं. एका गाडीत अशा सोडलेल्या टोकात मीटर लावल्यावर १२ व्होल्ट दिसले होते, चावी बंद असताना. मालक म्हणत होता बॅटरी लवकर उतरते, या गाड्यांची ती खोडच आहे म्हणे!

बघायला जाताना मालकाला आधी सांगा की गाडी गार ठेवा. पोचल्यावर बोनेट उघडून इंजिनला हात लावा, कोमट असेल तर काहीतरी झाकलंय किंवा माणूस उगाच उत्साही आहे, दोन्ही शक्य. सेल्फ मारल्यावर पहिलं मिनिटभर नुसतं ऐका, आयडल वरखाली होतो का, पेट्रोलचा वास येतो का. चक्कर मारा, पण मोकळ्या रस्त्यावर नाही, ट्रॅफिकमध्ये. अशा गाड्या ७० ला कधी गरम होत नाहीत, शनिवारी दुपारी टेस्कोसमोरच्या सिग्नलला होतात. पंखे कधी चालू होतात, तापमान परत खाली येतं का बघा. मग बंद करून दहा मिनिटं चहा प्या आणि परत सेल्फ मारा, गरम झाल्यावर सुरू न होणं हे या गाड्यांचं जुनंच दुखणं आहे आणि इंजिन बदलूनही ते गेलेलं असतंच असं नाही.

कागद. इंजिन बदललं की डीव्हीएलएला (इथलं आरटीओसारखं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) कळवावं लागतं, नवीन नंबर आणि नवीन सीसी लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, चढतात. चासी कापून जोडली असेल तर तेही कळवायचं असतं. नुसतं इंजिन कळवायचं राहिलं असेल तर ते दुरुस्त करता येतं, पण ते मालकाने विकण्याआधी करायचं, "तुमच्या नावावर झाल्यावर तुम्ही करा" याला हो म्हणू नका. विमा कंपनीला एकेक बदल लिहून द्यावा लागेल, आणि ठरवलेल्या किंमतीचा विमा घ्या, नाहीतर गाडी गेली तर ते साध्या ५०० चा भाव लावून मोकळे होतील. पैसे देण्याआधी विमावाल्यांना फोन करा, नंतर नाही, कारण तुमच्या वयाला आणि पार्किंगला बघून ते काय आकडा सांगतील याचा मला अंदाज देता येणार नाही. मागचे एमओटी सरकारी साइटवर फुकट दिसतात, २००५ पासूनचे, त्यात चासीच्या गंजाचा उल्लेख कुठल्या वर्षी आला आणि कुठल्या वर्षी नाहीसा झाला ते बघा, आणि त्या वर्षाचं बिल मागा. लंडनला नेणार असाल तर युलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा आकार) दिवसाला साडेबारा पाउंड बहुतेक पडतील, ते नंबर टाकून तपासता येतं. रेडिंगमध्ये काही नाही.

किंमतीचं मी असं करतो. एसई विसरा, इंजिन विसरा. एवढ्याच चांगल्या चासीची, न बदललेली साधी ग्रिफिथ ५०० आज कितीला मिळतेय ते चार-पाच ठिकाणी बघा. तिथून सुरुवात. मूळ सामान सोबत असेल तर वर जा. काम नामांकित वर्कशॉपने केलं असेल आणि फाइल जाड असेल तर अजून वर जा, पण बिलांची बेरीज करून नाही, मॉडिफिकेशनवर खर्च केलेल्या पैशातला थोडाच भाग परत मिळतो, हे मालकालाही माहीत असतं. फाइल पातळ असेल तर खाली या, बरंच खाली या. ४८ हजार या हिशोबात बसतात की नाही ते फाइल बघितल्यावर तुम्हालाच दिसेल. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, न बदललेली एसई शोधा, थांबावं लागलं तरी थांबा. चालवायला घेत असाल आणि चासी पक्की असेल तर हिच्याइतकी मजा या पैशात फार कमी गाड्या देतील.

पुण्याचं विसरा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आणू देत नाहीत आणि व्हिंटेज म्हणून सूट मिळायला ही २००१ ची फारच तरुण आहे. तेव्हा परत जायच्या आधी इथेच विकावी लागेल, आणि विकायला वेळ लागेल कारण अशा गाडीचं गिऱ्हाईक वर्षातून मोजकं येतं, उन्हाळ्याच्या तोंडावर. निघायच्या आधीच्या हिवाळ्यात घाईने विकायची वेळ आली तर समोरचा ते ओळखतो.

आता लगेच करण्यासारखं एक. जाहिरातीच्या फोटोत नंबरप्लेट दिसत असेल तर डीव्हीएलएच्या साइटवर टाका, फुकट आहे, तिथे इंजिनची सीसी दाखवतात. एलएस-३ असेल तर ६१६२ दिसायला हवं. ४९८८ किंवा त्याच्या जवळचा आकडा दिसला तर कागदोपत्री ती अजून रोव्हर इंजिनवालीच आहे, मग मालकाला फोन करून फक्त तेवढंच विचारा आणि तो काय म्हणतो ते इथे लिहा.